भाषा कोणी कोणाची शिकायची?

(हेमलकसा, ता. भामरागड येथे स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या संयोजकांनी मला ‘दुसरी भाषा आणि बाई’ असा विषय दिला आहे. विषय ऐकून काहीजणींना वाटेल, हा तर शाळामास्तरांचा विषय. स्त्री-चळवळीचा त्याच्याशी काय संबंध? मी गेली काही वर्षं या तालुक्यातल्या बायकांबरोबर दवाखान्यात, तहसील कचेरीत, पोलिस ठाण्यात आणि कोर्टात दुभाषी म्हणून जाते. या कामातून माझं ठाम मत झालं आहे की भाषा हा बाईच्या हक्काचा प्रश्न आहे. मजुरी, जमीन, मारहाण, आरोग्य या आपल्या नेहमीच्या प्रश्नांपर्यंत पोचायचं तर आधी बाईला बोलता आलं पाहिजे, आणि तिचं बोलणं समोरच्याला कळलं पाहिजे.

जगात दुसऱ्या भाषेचा अभ्यास बराचसा स्थलांतरितांमध्ये झाला आहे. मेक्सिको, एल साल्वादोर, ग्वाटेमाला या देशांतून अमेरिकेत गेलेल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या लाखो बायका आहेत. लोकांची घरं झाडणं, मुलं सांभाळणं, हॉटेलातल्या खोल्या आवरणं, शेतात तोडणी करणं ही कामं त्या करतात. इंग्रजी येत नाही म्हणून मजुरी कमी, मालकाला जाब विचारता येत नाही, दवाखान्यात दुखणं सांगता येत नाही. पण निदान त्यांची अडचण समजण्यासारखी आहे. त्यांनी एक देश सोडला आणि दुसऱ्यात पाऊल टाकलं.

आता इथली माडिया बाई पाहा. तिनं कुठलीच सीमा ओलांडलेली नाही. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या नद्यांच्या काठानं तिच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. तिच्या दारी जंगल खातं आलं, पोलिस आले, शाळा आली, रेशनचं दुकान आलं, बँक आली, आणि ही सगळी मंडळी मराठी बोलत आली. जागची न हलता ती स्वतःच्याच गावात परकी झाली. स्थलांतरित बाईला निदान लोक विचारतात, ‘तू कुठून आलीस?’ माडिया बाईला मात्र विचारतात, ‘तुला साधं मराठी येत नाही? महाराष्ट्रात राहतेस ना?’

या जिल्ह्यात खरोखरीच्या स्थलांतरित बायकाही आहेत, हेही लक्षात ठेवू. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात वसवलं गेलं. मुलचेरा, चामोर्शी भागात त्यांची गावं आहेत. गोंडी, माडिया, बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी बोलणाऱ्या बायका एकाच जिल्ह्यातल्या बाजारात एकमेकींशी मोडक्यातोडक्या भाषेत सौदा करतात आणि त्यांचं कुठे अडत नाही. अडतं ते टेबलाच्या पलीकडे साहेब बसलेला असला की.

माडिया ही मराठीची बोली नाही

पहिली गोष्ट ही समजून घेऊ, कारण शहरातून येणाऱ्या कार्यकर्त्यांचा इथेच घोटाळा होतो. माडिया ही ‘अशुद्ध मराठी’ नाही, मराठीची बोलीही नाही. ती गोंडी परिवारातली, म्हणजे द्रविड कुळातली भाषा आहे. गोंडीत दोनला ‘रंड’ म्हणतात, तीनला ‘मुंड’. तेलुगूत ‘रेंडु’ आणि ‘मूडु’. म्हणजे मराठीपेक्षा ही भाषा तेलुगूला जवळची. २०११च्या जनगणनेत देशभरात गोंडी बोलणाऱ्यांची संख्या २९ लाखांच्या वर होती. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही.

कुळच वेगळं असल्यामुळे माडिया मुलीला मराठी शिकताना जे अवघड जातं ते विचित्र नसतं, त्याला कारण असतं. मराठीत प्रत्येक वस्तूला लिंग आहे. तो दगड, ती काठी, ते झाड. दगड पुरुष का आणि काठी बाई का, हे आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही. आपण ते आईच्या कडेवर बसून शिकलो. गोंडीत मात्र नामांचे दोनच गट. पुरुष एका गटात, आणि बायका, जनावरं, झाडं, वस्तू हे सगळं दुसऱ्या गटात. (हसू नका. बायकांना वस्तूंच्या रांगेत बसवलं म्हणून राग येण्याआधी आपल्या ‘माणूस’ या शब्दाचं लिंग आठवून पाहा!) तेव्हा माडिया मुलगी ‘काठी पडला’ म्हणाली, तर तिचं डोकं कमी आहे असं नाही. तिच्या भाषेनं तिला जो हिशेब शिकवला त्यावर ती मराठीचा नवा हिशेब बसवू पाहते आहे. बंगालीतही वस्तूंना लिंग नाही. त्यामुळे बंगाली वस्तीतली बाईही तिथेच अडखळते. इंग्रजी माणूस स्पॅनिश शिकताना हेच करतो, कारण स्पॅनिशमध्ये टेबल स्त्रीलिंगी आहे आणि पुस्तक पुल्लिंगी.

१९६७ साली पिट कॉर्डर या भाषाभ्यासकानं मांडलं की शिकणाऱ्याच्या चुका म्हणजे त्याच्या अज्ञानाचा पुरावा नव्हे. तो कोणता नियम मनात बांधतो आहे, हे त्या चुकांतून कळतं. वर्गात मात्र काय होतं? ‘काठी पडला’ म्हटल्याबरोबर सगळा वर्ग हसतो. मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलतो. मुलगी बोलणंच बंद करते, कारण हसू होऊ न देणं हे तिला घरीदारी सगळीकडे शिकवलेलं असतं. मग शेरा बसतो, ‘मुली लाजाळू आहेत.’

आणि शुद्ध मराठी म्हणजे तरी कोणाची? पुस्तकातली बाई ‘मी जाते’ म्हणते. विदर्भातल्या खेड्यांतल्या, कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका सर्रास ‘मी जातो’ म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीतली झाडीबोली ‘पानी’ म्हणते, ‘पाणी’ नाही. म्हणजे शिकवणाऱ्या बाईचं स्वतःचं घरचं मराठीही कोणीतरी अशुद्ध ठरवलेलं असतं. तीच बाई माडिया मुलीला शुद्धतेसाठी उभी करते. उतरंड अशी असते, मैत्रिणींनो. प्रत्येक पायरीवरची बाई खालच्या पायरीवरच्या बाईला दटावते.

बायकांना भाषा येत नाही की येऊ दिली जात नाही?

या भागातल्या पुरुषांना मराठी बऱ्यापैकी येतं, बायकांना कमी येतं. कारण विचारलं तर सांगतात, ‘बायकांच्या डोक्यात शिरत नाही.’ याचं उत्तर बायकांनीच देऊन ठेवलं आहे. गडचिरोलीतल्या कितीतरी बायका उन्हाळ्याच्या तोंडाशी तेलंगणात मिरची तोडायला जातात. तिथे महिना-दीड महिना राहून परत येतात, तेव्हा भाव, वजन, मजुरी, उचल, मुकादमाच्या शिव्या, सगळं तेलुगू त्यांच्या तोंडी असतं. भाषा जवळची आहे हे एक कारण. पण खरं कारण हे की तिथे बाई स्वतः काम करते, स्वतः मजुरी मोजून घेते, आणि तिच्याशी बोलल्यावाचून मालकाचं भागत नाही.

गावात परतल्यावर मराठी बोलण्याची प्रत्येक जागा पुरुषाची असते. ठेकेदाराशी तो बोलतो, वनरक्षकाशी तो बोलतो, ग्रामसेवक आला की खाट त्याच्यासाठी टाकतात. सरपंच बाई असली तरी साहेब तिच्या नवऱ्याकडे बघून बोलतात. भाषा वापरून येते. जिला वापरायची संधीच नाही तिला ती येणार कुठून?

अमेरिकेतही हेच दिसतं. घरात मारहाण सोसणाऱ्या स्थलांतरित बायकांबरोबर काम करणाऱ्या संघटनांचा अनुभव असा की नवरे बायकोला भाषावर्गाला जाऊ देत नाहीत. तिला इंग्रजी आलं तर ती फोन करील, शेजारणीला सांगेल. तिला भाषेपासून दूर ठेवणं हा तिला ताब्यात ठेवण्याचा एक भाग असतो. घराला कुलूप लावण्याची गरजच राहत नाही.

इथे मला आपल्या संस्कृतिप्रेमी मित्रांशीही थोडं भांडायचं आहे. ‘आमची भाषा बायकांनी टिकवली’ असं कौतुकानं म्हटलं जातं. खरं आहे. पण पुरुषानं दोन भाषा शिकून बाहेर जायचं आणि बाईनं एकाच भाषेत घरी राहून संस्कृती राखायची, ही वाटणी आपल्याला मान्य नाही. लुगड्याबद्दल, कुंकवाबद्दल आपण जे म्हणत आलो तेच इथेही लागू आहे. परंपरा सांभाळण्याचं ओझं एकट्या बाईच्या डोक्यावर का? मी ज्यांच्यात काम करते त्या बायका स्पष्ट सांगतात, आम्हाला मराठी पाहिजे. वनहक्काच्या दाव्याचा कागद वाचता आला पाहिजे, बँकेच्या पुस्तकातला आकडा कळला पाहिजे. त्यांची मागणी मराठी नको अशी नाहीच. मराठी येईपर्यंत आम्हाला मुकं समजू नका, आणि मराठी आलं म्हणून आमची भाषा काढून घेऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

दुभाषा कोण आहे, हे आधी विचारा

भाषा येत नसली की मधे कोणीतरी लागतो. हा मधला माणूस कोण, यावर बाईचं आयुष्य अवलंबून असतं. बहुतेक वेळा तो नवरा असतो, दीर असतो, गावातला एखादा शिकलेला पोरगा असतो, नाहीतर तिचंच शाळेत जाणारं मूल असतं.

एक बाई पोटात दुखतं म्हणून एका दवाखान्यात आली. बरोबर चौदा-पंधरा वर्षांचा पुतण्या होता. डॉक्टरांनी विचारलं, त्यानं सांगितलं, ‘पोट दुखते.’ गोळ्या मिळाल्या. महिन्याभरानं पुन्हा आली, पुन्हा तोच पुतण्या, पुन्हा गोळ्या. तिसऱ्या वेळी मी तिच्याजवळ बसले, पोराला बाहेर पाठवलं, आणि माडियात विचारलं. तीन महिने तिच्या अंगावरून रक्त जात होतं. पुतण्यासमोर ती हे कसं सांगणार? आपण तरी सांगू का? नोंदवहीत मात्र दोन्ही वेळा ‘पोटदुखी’ एवढंच लिहिलेलं होतं. डॉक्टर वाईट नव्हते, पोरगाही वाईट नव्हता. त्या दोघांच्या मधे तिचं दुखणं हरवलं.

मूल दुभाषा असलं की आणखी एक गोष्ट होते. दहा वर्षांची मुलगी आईच्या वतीनं रेशन दुकानदाराशी भांडते, बापानं आईला मारलं ते जमादाराला सांगते. जे तिच्या कानावर यायला नको ते तिला स्वतःच्या तोंडानं उच्चारावं लागतं. अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांतल्या अशा मुलांवर बराच अभ्यास झाला आहे. ही मुलं हुशार होतात, जबाबदार होतात, पण घरातलं वजन उलटं होतं. आई मुलाच्या तोंडाकडे बघत बसते.

१९७८ सालचे दोन निकाल

आता मी तुम्हाला एकाच वर्षातल्या दोन निकालांची आठवण देणार आहे.

पहिला लॉस एंजेलिसचा. तिथल्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणासाठी गेलेल्या मेक्सिकन वंशाच्या बायकांवर गर्भनलिका बांधण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. कित्येकींच्या सह्या कळा चालू असताना, इंग्रजीतल्या कागदावर घेतल्या होत्या. आपल्याला आता मूल होणार नाही, हे काहींना फार उशिरा कळलं. दहाजणींनी दावा लावला. दोलोरेस माद्रिगाल या त्यातल्या पहिल्या, म्हणून खटला त्यांच्या नावानं ओळखला जातो. जून १९७८ मध्ये त्या हरल्या. न्यायाधीशांच्या मते हा सगळा डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या संवादाच्या अडचणीचा परिणाम होता. म्हणजे भाषा कळली नाही यात कोणाचाच दोष नाही! पण या बायकांच्या आवाजानं एक झालं. संमतीचा कागद बाईला कळेल त्या भाषेत हवा, आणि सही व शस्त्रक्रिया यांच्यामध्ये विचाराला वेळ हवा, असे नियम पुढे आले.

दुसरा निकाल आपल्याच भागातला. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलिस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. १९८२ साली गडचिरोली वेगळा जिल्हा झाल्यापासून ते गडचिरोलीत आहे. सत्र न्यायालयानं पोलिसांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली, आणि १५ सप्टेंबर १९७८ला सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, म्हणून तिची संमती होती, असा अर्थ लावला गेला. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आणि तिथून देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. आज आपण ज्या गटांतून इथे आलो आहोत त्यातल्या कितीतरी गटांचा जन्म त्या लाटेत झाला.

मथुराच्या खटल्यात प्रश्न भाषांतराचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एकच गोष्ट दिसते. बाईच्या गप्प राहण्याचा अर्थ समोरच्या सत्तेनं आपल्या सोयीनं लावला. एकीकडे कागदावर सही आहे म्हणून संमती, दुसरीकडे अंगावर जखम नाही म्हणून संमती.

१९८३ साली आपण कायदा बदलून घेतला. पोलिसांच्या ताब्यातल्या बलात्कारासारख्या काही प्रकरणांत, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं बाईनं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयानं संमती नव्हती असं धरून चालावं, हे कायद्यात आलं. म्हणजे बाईच्या शब्दाला वजन आलं. हा आपला मोठा विजय होता. पण मी या तालुक्यात काम करते म्हणून मला पुढचा प्रश्न पडतो. शब्दाला वजन आलं, पण तो शब्द कोणत्या भाषेत?

पोलिस ठाण्यात काय होतं ते सांगते. बाई माडियात बोलते. गावातला कोणीतरी ते आपल्याला जमेल तसं मराठीत सांगतो. लिहिणारा ते कचेरीच्या मराठीत उतरवतो, ‘सदर इसमाने फिर्यादीस’ वगैरे. फिर्याद वाचून दाखवली पाहिजे, असं कायदा सांगतो. ती वाचून दाखवतातही, मराठीतच. बाई मान हलवते, अंगठा उठवते. दोन वर्षांनी कोर्टात तिला वकील विचारतो, ‘तू तर जबाबात असं सांगितलं होतंस, आता वेगळं कसं सांगतेस?’ ती वेगळं सांगत नसते. जबाबातलं वाक्य तिचं नव्हतंच.

आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजावून सांगितली पाहिजे, दुभाष्यानं खरं तेच भाषांतर केलं पाहिजे, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि २०२३च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. साक्षीदाराची साक्ष तिच्या भाषेत घेण्याचीही तरतूद आहे. पण कोर्टाआधी, ठाण्यात, जिथे सगळं ठरतं, तिथे तिच्या बाजूनं जाणकार दुभाषी कोण देणार?

शाळेत काय मिळवलं, काय गमावलं

मुलींना शाळेत घाला, हे आपण सांगतो आणि सांगत राहणार. पण शाळेत भाषेचं काय होतं तेही पाहिलं पाहिजे. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक महत्त्वाचा फरक दाखवून दिला. स्थलांतरित मुलं रोजच्या बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत उचलतात. पण पुस्तकातली, गणिताची, विज्ञानाची भाषा कळायला पाच ते सात वर्षं लागतात. मधल्या काळात मूल चुरूचुरू बोलतं म्हणून शिक्षकांना वाटतं याला सगळं येतं. मग ते नापास झालं की ठपका त्याच्या बुद्धीवर. आश्रमशाळांत मी अशा मुली पाहिल्या आहेत की ज्या मराठीचा धडा न अडखळता वाचतात, पण धड्यात काय झालं विचारलं तर खाली बघतात. अक्षरं आली, अर्थ आला नाही.

घरची भाषा पक्की असेल तर दुसरी भाषा तिच्या आधारानं उभी राहते. पहिलीत पहिली काढून घेतली तर दोन्ही अर्धवट राहतात. अमेरिकेत याची बरीच ओढाताण झाली. टेक्सासमध्ये शाळेत स्पॅनिश बोललं म्हणून मुलांना शिक्षा व्हायच्या. १९६८ साली द्विभाषिक शिक्षणाचा कायदा आला. १९९८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी तसं शिक्षण जवळपास बंद केलं, आणि २०१६ साली त्याच राज्याच्या मतदारांनी तो निर्णय फिरवला. अठरा वर्षांत मुलांची एक पिढी मधल्यामध्ये गेली.

आपल्याकडे कागदावर कमी नाही. राज्यघटनेच्या ३५०-अ या कलमानुसार भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय राज्यानं करायची आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणातही मातृभाषा आहे, मात्र ‘शक्य असेल तिथे’ अशी पळवाट ठेवून. याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. तिला मान्यता नाही म्हणून शिक्षण खात्याची नोटीस आली आणि ग्रामसभेला न्यायालयात जावं लागलं. घटनेनं जे सरकारला करायला सांगितलं ते गावानं केलं, तर गाव बेकायदा ठरतं!

मुलींच्या बाबतीत आणखी एक नुकसान होतं. सहाव्या वर्षी वसतिगृहात गेलेली मुलगी दहावीला परत येते तेव्हा आजीशी तिचं बोलणं खुंटलेलं असतं. कोणता कंद कधी खणायचा, कोणतं पान बाळंतिणीला द्यायचं, हे सगळं बायकांचं ज्ञान बायकांच्या भाषेत आहे. मुलगी नोकरीलाही लागत नाही आणि आजीचं ज्ञानही तिच्या हाती येत नाही. दोन्हीकडून रिकामी.

शिकण्याची दिशा उलटी करा

आपण हेमलकशाला बसलो आहोत म्हणून इथलंच उदाहरण देते. डिसेंबर १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे राहिले. त्यांनी आधी काय केलं? माडिया शिकले. रुग्णांकडून, गावकऱ्यांकडून, एकेक शब्द गोळा करत शिकले. १९७६ साली शाळा सुरू झाली तेव्हा तिथेही मुलांशी बोलायला माडिया लागलीच. पदवी असलेल्यानं, औषधाची पेटी हातात असलेल्यानं, झोपडीतल्या बाईकडून तिची भाषा शिकायची, ही शिकण्याची उलटी दिशा होती. ती जमते, हे इथे पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झालं आहे.

पण याकडे आपण केवळ थोर माणसांचा त्याग म्हणून पाहिलं, तर आपल्याला हार घालण्याखेरीज काही करायला उरत नाही. मला ती गोष्ट नियमाची वाटते. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत आलेल्या अमराठी माणसाला मराठीची परीक्षा द्यावी लागते. लोकांची भाषा आल्याशिवाय लोकांचं काम करता येत नाही, हे सरकारला मान्य आहे. मग भामरागडला नेमलेल्या परिचारिकेला, शिक्षकाला, पोलिसाला, तलाठ्याला माडियाची परीक्षा का नको? तत्त्व तेच आहे, फक्त इथले लोक गरीब आहेत.

हक्क नियमात पक्का बांधावा लागतो, आणि बांधल्यावर राखावाही लागतो. अमेरिकेत २००० साली राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशानं सरकारी सेवांत इंग्रजी न येणाऱ्यांसाठी भाषेची सोय करण्याचा आग्रह धरला होता. २०२५ साली इंग्रजी ही अधिकृत भाषा ठरवताना तो आदेश मागे घेतला गेला. पंचवीस वर्षांची वहिवाट एका सहीनं हलली.

म्हणून आपल्या संघटनांनी पुढच्या गोष्टी हाती घ्याव्यात, असं मी सुचवते.

एक, आदिवासी भागातल्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात आणि पोलिस ठाण्यात पगारी दुभाषी बाई असावी. ती तिथल्याच समाजातली असावी, तिला प्रशिक्षण मिळावं, आणि बाईचं गुपित राखण्याचं बंधन तिच्यावर असावं. इथल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींना हे सन्मानाचं काम होईल. ज्या दोन भाषा आज त्यांच्या अडचणीच्या ठरतात त्याच त्यांची पात्रता ठरतील.

दोन, नवरा, नातेवाईक किंवा मूल यांना बाईच्या तपासणीत आणि जबाबात दुभाषा म्हणून वापरू नये, असा लेखी आदेश निघावा.

तीन, जबाब वाचून दाखवायचा तो बाईच्या भाषेत. तिचं मूळ बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवावं, म्हणजे पुढे वाद झाला तर ती काय म्हणाली ते तिच्याच आवाजात ऐकता येईल. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं प्रत्येक बाईला आणि प्रत्येक आदिवासीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिला आहे. त्या मदतीत दुभाषी धरली गेली पाहिजे.

चार, पहिल्या इयत्तांत माडिया-गोंडीतून शिकवणं आणि मराठी हळूहळू, नीट, भाषा म्हणून शिकवणं. आणि मोठ्या बायकांसाठी मराठीचे वर्ग त्यांच्या वेळेला, त्यांच्या कामाच्या शब्दांपासून सुरू होणारे. ‘कमळ, बदक’पासून कशाला? मोहफुलाचा भाव, तेंदूपत्त्याची मजुरी, वनहक्काचा दावा, इथून सुरू करा. बायका किती वेगानं शिकतात ते दिसेल.

पाच, आपल्या स्वतःच्या बैठका. आपल्या गटांच्या अहवालांत एक वाक्य नेहमी येतं, ‘आदिवासी महिला उपस्थित होत्या, परंतु फारशा बोलल्या नाहीत.’ हे वाक्य लिहिण्याआधी पुढे एवढी भर घाला की बैठक कोणत्या भाषेत झाली. गाणी मराठीत, घोषणा मराठीत, चर्चा मराठीत, आणि शेवटी पाच मिनिटं ‘आता तुम्ही बोला’! पुढच्या शिबिरात निदान एक सत्र पूर्ण माडियात होऊ द्या. त्या वेळी आपण दुभाषी घेऊन बसू, आपण मान हलवू, आपल्याला उशिरा हसू येईल. न कळणाऱ्या भाषेत दोन तास बसणं काय असतं, ते आपल्यालाही कळेल.

दुपारच्या सत्रात इथल्या बचत गटांच्या बायका येणार आहेत. वनहक्काच्या दाव्यांबद्दल त्यांना बोलायचं आहे, आणि त्या माडियात बोलतील. मी भाषांतर करीन, पण मधे तोडणार नाही. त्यांचं म्हणणं पुरं होईपर्यंत थांबायचं. नीट कळलं नाही तर पुन्हा विचारायचं, आणि ते मला नव्हे, त्यांना विचारायचं.